चेकवरचे आकडे आणि आयएफएससी: कुठला कोड कशासाठी?

चेकच्या पानावर शाखेचे दोन कोड असतात आणि दोघांची कामं वेगळी. खालच्या पांढऱ्या पट्टीतला नऊ आकडी एमआयसीआर कोड चेक वटवण्यासाठी असतो. शाखेच्या पत्त्याजवळ छापलेला अकरा अक्षरांचा आयएफएससी ऑनलाइन पैसे पाठवायला लागतो.

आधी पट्टी वाचू. डावीकडचे सहा आकडे म्हणजे चेक क्रमांक. पुढचे नऊ एमआयसीआरचे: पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे आकडे बहुधा पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांशी जुळतात: मुंबई ४००, पुणे ४११, नागपूर ४४०. स्टेट बँकेचा क्रमांक ००२. म्हणजे ४११००२ ने सुरू होणारा कोड दिसला की ती स्टेट बँकेची पुण्यातली शाखा. एमआयसीआर कोडनंतरचे सहा आकडे पूर्ण खाते क्रमांक नसतात, तरी लोक तेच फॉर्मवर उतरवतात. खाते क्रमांक चेकवर वेगळा छापलेला असतो. पट्टीतले अगदी शेवटचे दोन आकडे चेकचा प्रकार सांगतात. बचत खात्याच्या चेकवर सहसा ३१, चालू खात्याच्या चेकवर २९. ही पट्टी चुंबकीय शाईची असल्यामुळे तिच्यावर सही, शिक्का, स्टेपलरची पिन काहीही नको.

आयएफएससीत पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. उदाहरणार्थ, स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा कोड एसबीआयएन००००३००. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला की अ‍ॅप कोड नाकारतं. ही चूक नेहमी होते.

लहान नागरी सहकारी बँकेच्या पासबुकावर एखाद्या मोठ्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होणारा कोड दिसला तर गोंधळू नका. ती बँक मोठ्या बँकेमार्फत व्यवहार करत असेल, तर कोड तसाच असतो आणि तोच भरायचा.

जुन्या चेकबुकावरून मात्र कोड घेऊ नका. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. सिंडिकेटचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत. खातं दुसऱ्या शाखेत हलवलं असेल तरीही कोड बदलतो, खाते क्रमांक तोच राहिला तरी. खात्री करायची तर रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्या संकेतस्थळावर शाखा शोधा.

आता पाठवणं. आरटीजीएस आणि एनईएफटी या बँकेतून बँकेत ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या दोन पद्धती. आरटीजीएस किमान २ लाखांपासून. एनईएफटीला किमान मर्यादा नाही आणि ती दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते. दोन्ही आता चोवीस तास चालू असतात. खाते क्रमांक दोनदा स्वतः टाइप करा, चिकटवू नका. बँक पैसे जमा करते ते खाते क्रमांक पाहून, नाव जुळवून नव्हे. अ‍ॅपमध्ये खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय असेल तर ते वाचूनच पुढे जा. मोठी रक्कम असेल तर आधी १ रुपया पाठवून समोरच्याला विचारावं.

त्या क्रमांकाचं खातंच नसेल तर पैसे परत येतात. ते दुसऱ्याच कुणाच्या चालू असलेल्या खात्यात गेले, तर ताबडतोब आपल्या बँकेत व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकासह (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) लेखी तक्रार द्या.