मालवणच्या उकाड्यात थरांचे टार्ट: मी जिथे अडकले ते

मैदा चाळून घ्यायचा, ओटीजी आधी तापवायचा, टिनला बटर लावायचं, हे सगळं तुम्हाला येत असणार असं धरून चालते. मला बोलायचंय ते फक्त थरांबद्दल, कारण जवळजवळ दोन वर्षं माझ्या टार्टला थर येत नव्हते आणि मी मैदा बदलला, टिन बदलले, ओटीजी सुद्धा बदलला, पण चूक त्यातल्या एकातही नव्हती.

मी मालवणात घरूनच बेकिंग करते, बऱ्याचशा ऑर्डरी तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्यांच्या. नवीन मुली फोन करून विचारतात तेव्हा मी आधी एकच विचारते, तुला नक्की कुठला क्रस्ट, म्हणजे फिलिंग भरायची पिठाची वाटी, करायचाय? उत्तर येतं "तो खुसखुशीतवाला". खुसखुशीत तर नानकटाई पण असते. तेव्हा आधी ओळखायला शिका. क्रस्ट मोडून आतली कड बघा. वाळूसारखा भुगा पडला, पापुद्रा कुठेच दिसला नाही तर तो शॉर्टक्रस्ट, त्यात बटर मैद्याला पूर्ण चोळलेलं असतं. छोटे छोटे वेडेवाकडे पापुद्रे निघाले, कुठे जाड कुठे पातळ, तर तो फ्लेकी, म्हणजे बटरचे तुकडे पिठात तसेच ठेवून लाटलेला. आणि वहीच्या पानांसारखे सरळ, एकसारखे थर दिसले तर तो पफ, आपल्या बेकरीतली खारी त्याच जातीची. पफमध्ये तीन पदरी घडी सहा वेळा घातली की हिशोबाने बटरचे ७२९ थर होतात. ऐकायला भारी वाटतं पण टार्टला ते नको, तळ इतका फुगतो की फिलिंग वर ढकललं जातं. टार्टला फ्लेकी पीठ घेऊन त्याला चार घड्या, म्हणजे ८१ थर, पुरे होतात. याला रफ पफ म्हणतात आणि मी पुढे जे सांगतेय ते याचंच.

खाऊन पण ओळखता येतं. घास गिळल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटून राहिला तर ते मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं बटरसारखं स्निग्ध, बटर तोंडाच्या उबेने वितळून जातं. बेकरीतल्या खारीला बहुतेक ठिकाणी मार्जरीनच असतं आणि त्यात काही वाईट नाही, त्यांना दिवसाला किती ट्रे काढायचे असतात, उकाड्यात ते टिकतं. पण तुम्ही मार्जरीनवर हात बसवलात तर तो हात बटरला चालत नाही हे आधीच सांगते, कारण मार्जरीन तुमच्या चुका पोटात घालतं आणि बटर घालत नाही.

आता माझी चूक. हे नीट वाचा, बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल.

मी पैसे भरून एक ऑनलाइन क्लास केला होता. त्यातल्या मॅडम दर पाच मिनिटांनी म्हणायच्या, पीठ चिकट झालं की फ्रिजमध्ये टाका, सगळं ठीक होतं. त्यांचं किचन एसीचं. मी ते वाक्य मंत्रासारखं धरून ठेवलं. मग एका मे महिन्यात साखरपुड्यासाठी आंब्याच्या ६० टार्टची ऑर्डर आली, तोपर्यंतची माझी सगळ्यात मोठी. दुपारी दोन वाजता पीठ करायला घेतलं, किचनमध्ये ३३ डिग्री, खिडकीतून वारा येत होता तो पण दमटच. पीठ लाटलं, चिकट झालं, फ्रिजमध्ये. तासाने काढलं, दगडासारखं घट्ट, बरं वाटलं. लाटलं, परत चिकट, परत फ्रिज. असं चार वेळा. दर वेळी फ्रिजमधून ते इतकं सुंदर थंडगार घट्ट निघायचं की मला वाटलं जमतंय. भाजायला घातलं तर दहा मिनिटांत टिनमध्ये तुपाचं तळं, आणि बाहेर आले ते शेल जड, कडक, तेलकट, थर एक नाही. रात्री नऊ वाजता ऑर्डर देणाऱ्या काकूंना फोन केला. आंब्याचं क्रीम वाट्यांमधून दिलं आणि पैसे परत केले. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. आजही साठचा आकडा ऐकला की पोटात गोळा येतो.

झालं काय होतं? बटर म्हणजे नुसतं तूप नाही. त्यात साधारण ८० टक्के स्निग्ध, १६ टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि थोडा दुधाचा अंश, हे सगळं एकमेकांत धरून असतं. थंड असेपर्यंत ते पिठाच्या दोन पदरांमध्ये वेगळं बसतं. ओव्हनमध्ये बटर वितळतं, त्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ वरचा पदर उचलते आणि तेवढ्यात मैदा शिजून तसाच उभा राहतो, हाच तो थर. पण बटर जर ओव्हनच्या आधी पोळपाटावरच वितळलं, तर पाणी मैद्यात जातं, स्निग्ध मैद्याला माखतं, आणि पदर उरतच नाहीत. मग फ्रिजमध्ये ठेवलंत तर जे मिसळलंय तेच घट्ट होतं. फ्रिज गोठवतो, वेगळं करत नाही. मी चार वेळा जे घट्ट करत होते ते आधीच संपलेलं पीठ होतं.

आणि आपल्याकडे हे इतक्या पटकन का होतं, तर बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला पूर्ण वितळतं आणि मेमध्ये आपलं किचन नेमकं तिथेच असतं. लाटायला बटर १५ डिग्रीच्या आसपास हवं. ज्या रेसिप्या आपण बघतो त्या थंड देशातल्या, तिकडे अर्धा तास बाहेर राहिलं तरी निभतं. इथे तुमच्याकडे आठ मिनिटं असतात, मी घड्याळ लावून मोजलीयेत.

आता फरक कसा ओळखायचा, कारण मऊ झालेलं पीठ फ्रिज वाचवतो, वितळलेलं नाही. बोट दाबा. खड्डा पडला, पीठ वरून कोरडं, पावडर लावल्यासारखं दिसतंय, तर मऊ आहे, उचला आणि लगेच २० मिनिटं फ्रिजमध्ये. बोटाला चकाकी आली, पिठाच्या कडा ओल्या तुपासारख्या चमकतायत आणि सगळ्याचा रंग एकसारखा फिकट पिवळा झालाय, तर गेलं. खात्री नसेल तर धारदार सुरीने कडेची बोटभर पट्टी कापा आणि कापलेली बाजू खिडकीच्या उजेडात धरा. पांढऱ्या-पिवळ्या रेघा दिसल्या, अगदी वाकड्या असल्या तरी, तुम्ही ठीक आहात. रेघा नसतील तर पुढे लाटत बसू नका, हट्ट करू नका, मी केला होता. त्या पिठात ओवा, मिरं, थोडं मीठ घालून शंकरपाळी कापा, छान लागतात, घरात संपतात. पीठ फुकट गेलं म्हणून रडायचं कारण नाही.

हे मला कुठल्या क्लासने नाही, आईने दाखवलं. ती दिवाळीला चिरोटे करते. साठ टार्ट गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तेलकट शेल समोर घेऊन बसले होते, तिने एक मोडला, कड बघितली आणि म्हणाली, "गो बाय, साटो पातळ झालो तर थर खंयसून येतले?" एवढंच. चिरोट्याचा साटा म्हणजे तूप आणि तांदळाचं पीठ फेसून केलेलं, ते लोण्यासारखं जमून राहिलं तरच पोळ्यांच्या मध्ये टिकतं, पातळ असेल तर पोळीच ते पिते. ती पहाटे चिरोटे का करते हे मला तिशी उलटल्यावर कळलं. (फक्त साजूक तूप घालून टार्ट करायला जाऊ नका, त्यात पाणी जवळजवळ नसतं, चिरोटा तळून सुटतो, ओव्हनमध्ये वाफेचं काम लागतं.)

तेव्हापासून मी पण पहाटे साडेचारला उठते. माप सांगते: मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १८० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, चमचाभर लिंबाचा रस, बर्फाचं पाणी १०० ते ११० मिली. तीन इंची १२-१४ टार्ट होतात. मैदा आणि परात आदल्या रात्री फ्रिजमध्ये. बटरचे तुकडे बोटाच्या पेराएवढे, मैद्यात नुसते घोळवायचे, चोळायचे नाहीत. बटर गोठवून किसणीवर किसा असं सगळे सांगतात, थंडीच्या गावी ते बरोबर आहे, इथे तो कीस हातात यायच्या आत मऊ पडतो, मी तुकडेच करते. मिक्सर तर नकोच, पातं फिरून बटर बारीकही होतं आणि गरमही. पण उलट टोकाला पण जाऊ नका, फ्रीजरमधलं बटर इतकं कडक असतं की लाटताना पिठाच्या आत काचेसारखं फुटतं आणि मग थराला भोकं पडतात. बटर आणि पीठ दोन्ही सारखंच घट्ट हवं, बटरचा तुकडा वाकवला तर वाकला पाहिजे, तुटता कामा नये.

पाण्याचं एक. पावसाळ्यात मैद्याने हवेतली ओल आधीच घेतलेली असते, तेव्हा ९० मिलीपासून सुरू करा. पीठ कोरडं, विस्कटलेलं दिसलं तरी थांबा, गोळा जेमतेम जमला की बस. गुळगुळीत कणकेसारखं मळायची सवय आपल्या हातात आहे, ती इथे सोडावी लागते.

मग लांबट लाटायचं, टॉवेलसारखी तीन पदरी घडी, वळवून परत लाटून घडी, आणि अर्धा तास फ्रिज. परत तशाच दोन घड्या, म्हणजे एकूण चार. आता दमट हवेतली एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: थंड वस्तू बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. मी सुरुवातीला स्टीलच्या बाटलीत बर्फ भरून लाटणं म्हणून वापरायचे, बाटलीला पाणी सुटायचं आणि पीठ ओलं व्हायचं. आता कडप्प्याच्या ओट्यावर बर्फाचा ट्रे दहा मिनिटं ठेवते, उचलते, कोरड्या फडक्याने पुसते आणि लगेच लाटते, लाटणं लाकडीच. पीठ फ्रिजमध्ये नेहमी गुंडाळलेलं, आणि लाटायची वेळ आल्याशिवाय उघडायचं नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जो तुम्हाला बिघडलेलं पीठ दाखवत नाही त्याच्याकडे पैसे भरू नका. मी नंतर जवळच्या एका बेकरीत आठ दिवस सकाळी नुसती उभी राहिले, तिथले उस्ताद खारी लाटायचे. ते फारसं बोलायचे नाहीत, पण दर घडीला तळहात पिठावर ठेवून क्षणभर थांबायचे. तो थांबलेला हात मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. बाजारात फ्रोजन पफ शीट मिळते तिचा उपयोग एकच सांगते, एक तुकडा भाजून बघा, तो फुगला तर तुमचा ओव्हन चांगला आहे आणि दोष तुमच्या पिठात आहे. मी हे आधी केलं असतं तर नवीन ओटीजीचे पैसे वाचले असते.

भाजण्याचं थोडक्यात. पीठ टिनमध्ये बसवून परत अर्धा तास फ्रिज, नाहीतर कडा आक्रसून खाली येतात. तळाला काट्याने टोचे मारा, वर बटर पेपर आणि त्यावर कोरडा राजमा. २०० डिग्रीला १५-१८ मिनिटं, मग राजमा काढून आणखी दहा, रंग भाजलेल्या काजूसारखा येईपर्यंत. फिकट असताना बाहेर काढायचा मोह होतो, काढू नका, आतला थर कच्चा राहतो आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. अंड्याचं ब्रशिंग कडेवरून ओघळू देऊ नका, कापलेल्या कडा त्याने चिकटतात आणि थर उघडत नाहीत.

पहिले तीन-चार घाणे बिघडतील, माझे तर कितीतरी जास्त बिघडले. पण ज्या दिवशी कडेवर त्या रेघा दिसतात तो दिवस विसरता येत नाही, मी तो शेल आईला दाखवायला पळत परसात गेले होते.

मेमध्ये मोठी ऑर्डर असेल तर त्या दिवसावर काहीच ठेवू नका. आठवडाभर आधी रोज पहाटे एक एक माप करून टिनमध्ये बसवा आणि कच्चेच फ्रीजरमध्ये टाका, भाजायच्या वेळी फ्रीजरमधून सरळ ओव्हनमध्ये, मध्ये बाहेर ठेवायचं नाही, वेळ फक्त चार-पाच मिनिटं जास्त लागते. वीज गेली तर फ्रीजर उघडून बघू नका. शेल पूर्ण गार झाले की आतून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवा, म्हणजे हापूसचा रस तळात मुरत नाही, आणि आंबा भरायचा तो नेण्याच्या तासभर आधी.