जुन्या गाडीचे बटणावर मिटणारे आरसे: आधी ऐका, मग उघडा
साइड मिरर मिटेनासा झाला की लोक थेट नवा आरसा शोधायला लागतात. मी आधी रेडिओ आणि पंखा बंद करतो, खिडकीची काच खाली घेतो, चावी फिरवतो, बटण दाबतो आणि कान देतो. निम्मं निदान तिथेच होतं.

मोटर अजिबात आवाज करत नसेल तर भानगड विजेची. दोन्ही आरसे गप्प असतील तर आधी फ्यूज, मग स्विच. एकच गप्प असेल तर त्या बाजूचं दार उघडा आणि दार व बॉडी यांच्यामधली रबरी नळी सरकवा. इतक्या वर्षांच्या उघडझापीने वायरी नेमक्या तिथेच तुटतात. बाहेरून धड दिसतात म्हणून फसू नका. वरचं प्लास्टिक शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, हे नेहमीचंच. एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढा. तुटलेली असेल ती रबरासारखी ताणली जाते. जोड देताना नव्या वायरचा चांगला लांब तुकडा घाला, म्हणजे दोन्ही जोड वाकण्याच्या जागेच्या बाहेर पडतील. ऐन वाकणावर सोल्डरचा डाग दिला तर त्याच्याच शेजारी वायर पुन्हा तुटते.

आता दुसरा आवाज. मोटर घर्रर्र करते, आरसा मात्र जागचा हलत नाही, किंवा पूर्ण उघडल्यावरही घरघर थांबत नाही. हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. आरशाच्या बुडाशी इवलीशी १२ व्होल्टची मोटर असते, तिच्यापुढे वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि बारीक गिअर, आणि या सगळ्यावर जबरदस्त स्प्रिंगने दाबून धरलेली दातेरी चकती. कुणाचा धक्का लागला तर आरसा मोडण्याऐवजी वळावा म्हणून ही चकती सरकते. पण मोटरवाला आरसा हाताने ढकलला की या चकतीचा खटका जागेवरून सुटतो. मग आरसा ढिला वाटतो, वेगात थरथरतो, आणि मागची गाडी एक आहे की दोन हे कळत नाही.

अशा वेळी आरसा पुन्हा हाताने पिळत बसू नका. बटणाने पूर्ण मिटवा, मग पूर्ण उघडा. मध्येच मोठ्ठा 'खटॅक' आवाज येईल. काही मोडलेलं नसतं, खटका बसलेला असतो. उघडताना बसत नसेल तर मोटर चालू असताना आरशाला त्याच दिशेने तळहाताने हलका आधार द्या. तरीही नाही जमलं तर थोडं थांबून पुन्हा करा; ही मोटर सलग चालवण्यासाठी बनवलेली नसते, तापते. एवढं करूनही नुसतीच घरघर राहिली तर गिअरचे दाते गेले म्हणायचे.

आरसा कण्हत कण्हत, अडखळत मिटत असेल तर बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो. वळणाऱ्या फटीत साधं पाणी सोडा, मऊ ब्रशने कचरा काढा, आरसा पूर्ण वाळू द्या आणि मग सिलिकॉन स्प्रेचा अगदी जरासा फवारा मारून दोनचार वेळा मिटवा-उघडा. बाहेर ओघळलेलं पुसून टाका. गंजलेले बोल्ट सोडवायचा स्प्रे इथे मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. प्रेशरच्या पाण्याची धार या फटीवर धरू नका, आणि आरशावर बर्फ गोठलेला असताना बटणाला हातही लावू नका.

आरशातली काच वर-खाली, डावी-उजवी करणाऱ्या मोटरी वेगळ्या असतात. काच टोकाला पोचल्यावर येणारी 'कटकट' हा बिघाड नाही, आतला क्लच सरकतोय एवढंच, बोट उचला. काच पुसताना फवारा कापडावर मारा. द्रव कडेने आत शिरला की पाठीमागचा चकाकता थर सुटतो आणि किनारीला काळे डाग येतात.

आणि हो, आरसे मिटवायची सवय नसली तरी अधूनमधून बटण दाबत जा. वर्षानुवर्षं उघडा राहिलेला आरसा पहिल्यांदा मिटवताना जास्त रडतो.

पूर्ण आरसा बदलायचाच असेल तर बहुतेक गाड्यांत दाराच्या आतल्या बाजूच्या तिकोनी कव्हरखाली तीन बोल्ट किंवा नट सापडतात. सोडवण्याआधी खालच्या फटीत फडकं कोंबा, नाहीतर बोल्ट दाराच्या पोटात जाईल आणि सगळं पॅनेल उतरवावं लागेल. शेवटचा बोल्ट काढताना बाहेरून आरसा कुणालातरी धरायला सांगा, वायरींवर लोंबकळू देऊ नका. जुना आरसा विकत घेताना रंग नंतर बघा, आधी कनेक्टरच्या पिना जुळवून बघा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन आरशांपैकी एकात मिटवायची मोटर असते, दुसऱ्यात नुसती काच हलवायची.