कलेक्शनवर रँडम सॅम्पलिंगची मेथड लिहिताय? या चुका टाळा

मराठवाड्याच्या ७६ तालुक्यांतून पाणी तपासणीसाठी थोडे तालुके रँडम निवडायचे म्हटलं की ॲरेवर (क्रमवार यादीवर) एक सॅम्पल मेथड, म्हणजे त्यातून रँडम घटक काढून देणारं फंक्शन, लिहून टाकावीशी वाटते. चार ओळींचं काम. पण त्यातली चूक एरर देत नाही, निकाल मात्र एका बाजूला झुकतो.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे रँडम आकड्याला यादीच्या लांबीने भागून बाकी घेणं. समजा, जनरेटर ० ते २५५ मधला आकडा देतो. २५६ ला ७६ ने भागलं की २८ उरतात. म्हणजे पहिल्या २८ तालुक्यांना प्रत्येकी ४ संधी आणि उरलेल्या ४८ ना ३. यादी जिल्हावार लावली असेल तर छत्रपती संभाजीनगरचे ९, जालन्याचे ८ आणि बीडचे ११ मिळून नेमके हेच २८ होतात! परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिववर सरळ अन्याय. ३२ बिटांचा आकडा घेतला तर फरक अगदी बारीक होतो, पण जात नाही. उपाय सोपा आहे: २२८ किंवा त्यापुढचा आकडा आला तर टाकून द्या आणि पुन्हा काढा. पायथनचं रँडरेंज (दिलेल्या मर्यादेतला रँडम आकडा देणारं फंक्शन) आतून असंच करतं.

सॉर्टला रँडम तुलना देऊन यादी पिसू नका. फिशर-येट्सच (जागांची अदलाबदल करत यादी पिसायची पद्धत) वापरा, आणि तेही नीट: अदलाबदलीसाठी दरवेळी पूर्ण यादीतून जागा निवडली, तर ३ घटकांसाठी निवडीचे ३×३×३ म्हणजे २७ मार्ग होतात, क्रम मात्र ६. २७ ला ६ ने भाग जात नाही, मग समान वाटणी होणार कशी?

सेटवर (ठरावीक क्रम नसलेल्या संचावर) ही मेथड देताना थांबून विचार करा. पायथनने ३.११ मध्ये सेटवरून थेट सॅम्पल घेणं बंद केलं, ते योग्यच झालं. स्ट्रिंगच्या सेटचा क्रम दर रनला बदलू शकतो, त्यामुळे सीड (जनरेटरला दिलेला सुरुवातीचा आकडा) तोच ठेवूनही तालुके वेगळे निघतात. आधी सॉर्ट करून यादी बनवा. जनरेटरही बाहेरून पॅरामीटर म्हणून घ्या, नाहीतर टेस्ट लिहिणं अवघड जाईल.

रिकाम्या कलेक्शनवर काय परत करायचं हे आधीच ठरवा. रुबी आणि स्विफ्ट निल (म्हणजे ‘काहीच नाही’) देतात, पायथनचं चॉइस एरर देतं. दोन्ही चालतं, फक्त डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा.

लांबी माहीत नसलेल्या स्ट्रीमसाठी (एकेक करून येत राहणाऱ्या डेटासाठी) सगळा डेटा मेमरीत भरू नका. रिझर्व्हॉयर पद्धतीत पहिले १० घटक ठेवायचे, मग २५ वा आला की त्याला त्या दहांपैकी एकाची जागा घ्यायची १०/२५ संधी द्यायची. मोजणी शून्यापासून असेल तर इथे छेदात २४ पडतो, तेवढं तपासा.