जुन्या कॅम्पर व्हॅनचा एसी: धावताना गार, उभी राहिली की गरम

आमच्या जुन्या कॅम्परचा एसी गुहागरच्या रस्त्याला छान गार. पण दाभोळच्या जेटीवर फेरीच्या रांगेत गाडी उभी राहिली की पाच मिनिटांत गरम हवा. मागे लेकरं घामाघूम. दोनदा गॅस भरला, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (एसीच्या गॅसचा दाब कमी करणारी झडप) बदलला, फरक शून्य. दोन उन्हाळे यात गेले, जीव मेटाकुटीला आला.

दोष कंडेन्सरपुढच्या पंख्यात निघाला (कंडेन्सर म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरच्या पुढे बसणारा भाग). आधी कधीतरी मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या होत्या, त्यामुळे पंखा रेडिएटरची गरम हवा पुढे ओढत होता. धावताना समोरचा वारा ते झाकून टाकायचा.

तपासणी सोपी: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, एसी चालू. गाडीच्या तोंडावरच्या जाळीपुढे वहीचा कागद धरा. तो चिकटला पाहिजे. माझा उडून गेला.

मग इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, जाळी उतरवली. कंडेन्सर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने धुतला. प्रेशर वॉशर नको, कंडेन्सरच्या पातळ पात्या दुमडतात. त्यानंतर मोटरच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली (ही फक्त दोन वायरींच्या साध्या डीसी मोटरला चालते). खाऱ्या हवेसाठी टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावली. शेवटी कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या कडेच्या फटी फोमपट्टीने बंद केल्या, नाहीतर गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते.

उभ्या गाडीत आतल्या एसीच्या झरोक्यातून येणारी हवा आधी 21 अंश होती, आता 10.