घात आली म्हणता म्हणता घात होतो: गाळाच्या चिबड रानात या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात पाणी जास्त झाल्यामुळं पीक गेलं, असं बाहेरच्या पाहुण्याला सांगितलं तर तो आधी हसतो. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, टँकरच्या बातम्या, आणि इथं म्हणे रान चिबडलं! पण भीमा, सीना आणि माण नदीच्या कडेची रानं, उजनीच्या फुगवट्याचा काठ किंवा कालव्याच्या खालच्या अंगाचं लवणातलं सखल रान ज्याच्या वाट्याला आलंय, त्याला हसू येत नाही. आपला पाऊस वर्षाचा थोडा असला तरी उत्तरा ते चित्राच्या दिवसांत तो एका दमात येतो. 14 ऑक्टोबर 2020 ला आला तसा. 2025 च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी माढा-मोहोळच्या शिवारात शिरलं तसा. पाणी ओसरतं, वरचं रान पांढरं पडतं, आणि खाली दीड फुटावर ते महिना महिना तसंच उभं राहतं.

अशा जमिनीला कुणी मळईची म्हणतं, कुणी पोयट्याची. माझ्या मते ती वाईट मुळीच नाही. ओल धरण्यात मुरमाड रान तिच्या जवळपासही येत नाही. अडचण एवढीच की आपण तिला काळी समजून वागवतो. आपल्या सगळ्या सवयी एक तर काळ्या जमिनीवर पडलेल्या असतात, नाही तर माळावर, आणि ही जमीन दोन्हींत बसत नाही.

काळी आणि पोयट्याची यांत घोळ

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्या ओढाताणीत ढेकळं आपोआप फुटतात. म्हणजे एखाद्या वर्षी चुकीच्या वेळी औत घातलं तरी मे महिन्याचं ऊन बरीचशी चूक दुरुस्त करून देतं. पोयट्याला हा गुण नाही. पोयट्याचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षा मोठा आणि 0.05 मिलिमीटरपेक्षा लहान असतो. चिकणमातीसारखा तो एकमेकांना घट्ट धरत नाही, आणि वाळूसारखा मोकळाही राहत नाही. एकदा दाबला की दाबलेलाच राहतो. मागच्या हंगामातली ट्रॉलीची चाकोरी पुढच्या दोन पिकांत ओळीनं खुजी रोपं दाखवते, ते यामुळंच.

ओळखायची कशी? कोरडी माती चिमटीत चोळा. ज्वारीच्या पिठासारखी लागते, बोटांच्या रेषांत भरून राहते. ओली केली तर साबणासारखी निसटती होते, पण काळीसारखी बोटाला चिकटून ओढत नाही. खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून जोरात हलवा. पहिल्या मिनिटात तळाला बसते ती वाळू, पुढच्या काही तासांत बसतो तो पोयटा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती चिकण. मधला थर सगळ्यात जाड निघाला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आणि कुदळ घेऊन तीन फूट खड्डा खणा. हे काम कुणी करत नाही. नमुना घेतो तो वरच्या वीतभराचा, आणि रोग असतो खाली. खड्ड्याच्या भिंतीवर फूट-दीड फुटावर गंजासारखे तांबूस-नारिंगी ठिपके आणि मधेमधे राखाडी पट्टे दिसले, तर तिथं दरवर्षी काही आठवडे पाणी थांबतं असं धरून चाला. हवा संपली की मातीतलं लोह विरघळून सरकतं. पाणी उतरून हवा शिरली की तेच गंजून ठिपका बनतं. म्हणजे हा खड्डा जुन्या पावसाळ्यांची नोंदवही आहे. मात्र अगदी काळ्याभोर मातीत हे ठिपके दबून जातात. तिथं ठिपके दिसले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

सगळ्यात महागडी चूक: खोटी घात

वाफसा म्हणा, घात म्हणा, म्हणजे औत घालण्याजोगी ओल; पोयट्याच्या रानात ती फसवी असते. याचं कारण वरचा एक-दीड इंच वाऱ्या-उन्हानं झपाट्यानं वाळतो आणि पांढुरका दिसतो. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, घात आली. चार बोटं खाली चिखल असतो.

मी स्वतः हे केलंय. हस्ताचा पाऊस थांबून पाच दिवस झाले होते, ज्वारीची पेर मागं पडत होती, आणि भाड्याचा ट्रॅक्टर गावात आलेला. शेजारचे दाजी बांधावरून म्हणाले, "आरं, पायाखाली रान अजून दबतंय. दोन दिस थांब." मी थांबलो नाही. रोटर फिरला, वरून रान मऊ, देखणं झालं. खाली सहा इंचांवर मात्र चाकानं आणि रोटरच्या पात्यांनी गिलावा मारल्यासारखा थर बसला. त्या वर्षी ज्वारीची मुळं त्या थरावर आडवी वळली, आणि कणसं भरायच्या दिवसांत, खाली ओल असूनसुद्धा, पीक सुकलं. दाजींनी पुढं कधी विषय काढला नाही, हे जास्त लागलं.

तेव्हापासून मी रानात खुरपं घेऊन जातो. पाच-सहा इंच खोलीवरची माती काढायची, वरची नाही. तिची तळहातावर वात वळून बघायची. काडेपेटीच्या काडीएवढी बारीक वात न तुटता वळली, तर औत घरी ठेवायचं. वात तुटून भुगा होत असेल तर चालतं. पोयट्याचं प्रमाण फार असेल तर वात तशीही नीट वळत नाही, आणि इथं माणूस पुन्हा फसतो. अशा वेळी मातीचा लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन हात आडवा हलवायचा. गोळ्यावर पाण्याची चमक आली आणि बोटानं दाबल्यावर ती चमक गेली, तर आत पाणी जास्त आहे. थांबा.

पेरणी चार दिवस लांबली तर उत्पन्न थोडं घटेल. पण ओल्यात रान तुडवलं तर दोन-तीन हंगाम भोगावं लागतं. हा हिशोब मला तरी सोपा वाटतो. ऊसतोडीच्या वेळी मात्र तो अवघड होतो. टोळी आली, ट्रॉली आली, आणि रानात पाणी सोडून आठच दिवस झालेले. तोडीचा अंदाज आला की निदान शेवटचं पाणी लवकर बंद करा, आणि भरलेली ट्रॉली रानभर न फिरवता एकाच ठरलेल्या वाटेनं काढा. एक पट्टा वाया गेला तर जाऊ द्या.

पापडी धरली, मग?

रोटरच्या दोन-तीन पाळ्या घालून माती मैद्यासारखी करायची हौस इथं महागात पडते. बारीक झालेल्या पोयट्यावर पावसाच्या सरीचा थेंब पडला की कण सुटे होतात, छिद्रं बुजवतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पापडी बसते. कांद्याचं, बाजरीचं, सोयाबीनचं कोंब खाली वाकडं होऊन मरतं. शेतकरी बियाणं खराब होतं म्हणतो. खुरप्याच्या टोकानं पापडी उचलून बघा. खाली पिवळं, नागमोडी कोंब सापडलं तर बियाण्याचा दोष नाही. त्याच दिवशी तुषारनं हलकं पाणी द्या किंवा उथळ दाताचं हलकं अवजार फिरवून पापडी फोडा. पुढच्या वेळी रोटरऐवजी कुळवाची पाळी, वर बोराएवढी ढेकळं राहू द्यायची, आणि ओळीवर कुजलेलं शेणखत. उसाचं पाचट जाळण्याची घाई करणाऱ्यांना मी काय सांगू? या जमिनीवर त्यासारखं पांघरूण नाही.

खालचा थर फोडायला सबसॉयलर आणतात तोही बहुधा चुकीच्या वेळी. ओल्या रानात त्याचा फाळ लोण्यातल्या सुरीसारखा जातो, चीर पडते आणि परत मिटते. एप्रिल-मे मध्ये, रान खोलपर्यंत कोरडं असताना घाला. थर कुठं आहे हे आधी सळई खुपसून बघा. ओलसर रानात सळई सहज जाता जाता जिथं अडते, त्याच्या दोन-तीन इंच खालून फाळ गेला पाहिजे. आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच मुळं हवीत. ताग किंवा धैंचा पेरा. धैंचा साचलेलं पाणी आणि खारटपणा दोन्ही सोसतो, दीड महिन्यात गाडता येतो.

पिवळं पडलं की युरिया

पाऊस उघडला, पीक पिवळं पडलं, दुकानातून युरियाची गोणी आणली. हा रिवाजच झालाय. पाणी भरलेल्या मातीत हवा नसते, तेव्हा जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. उभ्या पाण्यात टाकलेल्या युरियातला बराच भाग याच वाटेनं किंवा निचऱ्यात जातो. त्यातून मुळं गुदमरलेली. समोर वाढलेलं जेवायला तोंडच नाही.

आधी पाणी काढा. मग पानं बघा. खालची, जुनी पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता. घात आल्यावर नत्राचा हप्ता विभागून द्या. वरची कोवळी पानं पांढरट-पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की ती हमखास दिसते. तिथं युरियानं काही होत नाही. फेरस सल्फेटची 0.5 टक्के फवारणी, म्हणजे 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम, तात्पुरती हिरवळ देते. कायमचा उपाय निचराच.

वाळू, मुरूम आणि डाळिंबाचा खड्डा

"चार ट्रॉल्या वाळू ओत, निचरा सुधारतो." हा सल्ला पारावर फुकट मिळतो. वाळूचे दाणे एकमेकांना टेकतील इतकी वाळू मिसळली तरच मोकळी छिद्रं तयार होतात, आणि तेवढी एकराला परवडत नाही. थोडी वाळू पोयट्यात नुसती बुडून बसते.

याहून फसवा प्रकार डाळिंबाच्या खड्ड्यात होतो. तळाला मुरूम किंवा वाळूचा थर, वर गाळाची माती. कल्पना अशी की पाणी खाली झिरपेल. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी जाड थराच्या तोंडाशी येऊन अडतं. वरची माती तुडुंब भरल्याशिवाय ते खाली उतरतच नाही. आणि भोवतालची जमीन संथ असेल तर तो खड्डा म्हणजे पुरलेली बादली. डाळिंबाच्या मर रोगाला अशी ओलसर, कोंडलेली जागा मानवते. तेल्या या डागांच्या रोगाची भीती सगळ्यांना असते. मर मात्र झाड गेल्यावर लक्षात येतो. या जमिनीत डाळिंब लावायचंच असेल तर खड्डा नको. दीड-दोन फूट उंच गादीवाफा हवा. तूर आणि पपईचंही तेच. वरंब्यावर लावा, नाही तर दुसरं रान बघा.

हाच नियम पुराच्या गाळालाही लागू. 2025 च्या पुरानंतर कित्येक रानांवर वेगळ्याच पोताचा थर बसला. तीन-चार इंच गाळ असेल तर पूर्ण सुकू द्या आणि खालच्या मातीत मिसळा; तसाच चादरीसारखा ठेवला तर सांध्यावर पाणी अडतं. तलावातला गाळ मुरमाड माळावर टाकणं उत्तम, पण तिथंही तो मिसळायचा असतो. आधीच पोयट्याचं रान असलेला माणूस "फुकट मिळतोय" म्हणून आणखी गाळ ओतून घेतो, तेव्हा मला कळत नाही काय बोलावं.

पांढरा फेस

पोयटा पाणी खालून वर ओढण्यात पटाईत आहे, वातीसारखा. पाण्याची पातळी चार-पाच फुटांवर आली की ते वर चढतं, उडून जातं, मीठ वरंब्यावर राहतं. उजनीच्या कालव्याखालच्या उसाच्या रानांत हे बघायला लांब जावं लागत नाही. चूक इथं अशी होते की फेस दिसला की जिप्सम. आधी परीक्षण करा. सामू (पीएच) 8.5 च्या खाली, क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सोडियम कमी असेल तर जमीन खारवट आहे. तिला गोड पाण्यानं धुणं आणि ते पाणी बाहेर काढणं लागतं, जिप्समचं काम नाही. सामू 8.5 च्या वर गेला आणि सोडियम जास्त निघाला तर चोपण. तिथं जिप्सम हवं. पण धुतलेलं पाणी जायला वाट नसेल तर दोन्हीकडं पैसे मातीत.

पाण्याला वाट

आधी वरचं पाणी काढा: रानाला हलका उतार, खालच्या बांधाला चर, आणि चराला ओढ्यापर्यंत तोंड. तोंड बहुतेक शेजाऱ्याच्या बांधातून जातं. त्यावर चहा, मध्यस्थ आणि कधी कधी अबोला असतो, तांत्रिक भाग त्यामानानं सोपा. जमिनीखाली छिद्रांचा पाइप टाकायचा तर पोयटा पाइपात शिरून बसतो, म्हणून पाइपाला कापडाची गाळणी असलीच पाहिजे. ती वाचवणारा ठेकेदार नको. पाइप न टाकता जमिनीत बीळ पाडणारा मोल नांगर मात्र चिकण जमिनीसाठी आहे; पोयट्यात त्याचं बीळ ढासळतं.

आणि खर्चाआधी एक स्वस्त काम. दोन इंची पीव्हीसीचा चार फूट तुकडा घ्या, त्याला भोकं पाडा, कापड गुंडाळा, साडेतीन फूट पुरा आणि वर टोपण लावा. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते मोजा आणि वहीत लिहा. आमच्या नदीकडच्या तुकड्यात दसऱ्याला पाणी दीड फुटावर होतं, दिवाळी झाल्यावर अडीच. म्हणून तिथं ज्वारी आहे, आणि डाळिंब रस्त्याकडच्या मुरमाडात.