बोबा चहा चाखायचा तर

मणगणे खाऊन वाढलेल्या माणसाला चावायच्या गोळ्या घातलेला बोबा चहा परका वाटायचे काही कारण नाही. मणगणे म्हणजे चण्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस आणि गूळ. आमच्या फोंड्याच्या घरी चवथीला मणगणे होतेच, आणि त्यातला काचेसारखा झालेला साबुदाणा आम्ही भावंडे न चावता टाळूवर फिरवत बसायचो. गेल्या मे महिन्यात भाची मला पणजीला सांतिनेजच्या एका दुकानात घेऊन गेली. ग्लासाच्या तळाशी काळे मणी पाहून मी म्हटले, "अगं, हा तर आपला साबुदाणाच." ती म्हणाली, "आत्या, आधी चावून तर बघ."

दोघींचेही बरोबर होते. साबुदाणा काय आणि बोबा काय, दोन्ही कसावाच्या कंदाच्या पिठाचे. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपला साबुदाणा बराचसा तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो. बोब्यासाठी हेच पीठ गरम पाण्यात मळून गोळ्या वळतात, अर्धा तास उकळतात आणि मग काळपट साखरेच्या पाकात मुरवतात. पाक चांगला असेल तर आपल्या माडाच्या गुळाची आठवण होते. चहात या गोळ्या घालायची कल्पना तैवानची, १९८०च्या दशकातली. तायचुंगचे चुन शुई तांग आणि ताइनानचे हानलिन ही दोन्ही चहाघरे ती आपलीच म्हणून सांगतात.

आता जायचे कसे ते सांगते. एकटे जाऊ नका, तिघे-चौघे जा. एक ग्लास दोनेकशे रुपयांचा, शिवाय पोट भरणारा. चार प्रकार मागवून सगळ्यांनी चाखले की एका दुपारीच कळते आपल्याला काय रुचते ते.

काउंटरवर पहिला प्रश्न हा विचारा: बोबा कधी शिजवला? लाजू नका. मासळी घेताना आपण कल्ले उघडून बघतोच की! शिजलेला बोबा तीन-चार तासच मऊ राहतो. मग त्यातला स्टार्च आवळत जातो आणि गोळी आतून कडक, पिठूळ होते. एका दुकानात संध्याकाळी उशिरा मला तसाच बोबा मिळाला. चावल्यावर मधोमध पांढरा खडूसारखा ठिपका. तेव्हापासून मी पहिली गोळी दोन दातांत धरून अर्धी चावते आणि बघते. चांगली गोळी दाताला थोडी ओढ देते, मग सुटते, आणि आतपर्यंत एकाच रंगाची असते. बोबा शिळा असला तर चहा कितीही चांगला असो, मजा गेलीच.

मग साखर आणि बर्फ. साखर टक्क्यांत विचारतात. आपण घरी गोड चहा पिणारी माणसे, तरी इथे पन्नासवर थांबा, कारण पाकातल्या गोळ्यांची गोडी वेगळी असते आणि ती कमी करता येत नाही. ब्राउन शुगर मिल्क मागवलेत तर साखर शून्य सांगूनही ते गोडच येईल. बर्फ कमी सांगा. मेच्या उकाड्यात भरपूर बर्फ हवासा वाटतो, पण तो भराभर वितळतो आणि उरतो पाणचट चहा.

चौघांसाठी मी हे मागवीन. पहिला जास्मिन ग्रीन टी, दुधाशिवाय, लिचीच्या पॉपिंग बोब्यासह. ही गोळी कसावाची नव्हे. समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटच्या पातळ सालीत फळाचा रस असतो आणि जिभेने दाबली की फुटते. दुसरा साधा काळ्या चहाचा मिल्क टी, साध्या बोब्यासह. दुकानाची खरी परीक्षा इथेच, कारण यात लपवायला काही नसते. दूध ताजे की पावडरचे, तेही विचारून घ्या. फरक लगेच कळतो. तिसरा तारो, म्हणजे आपली माडी, अळवाचा कंद. गर्द जांभळा रंग बहुधा पावडरीचा. खरा कंद वाटला तर फिकट राखी-जांभळा दिसतो आणि चव थोडी शेंगदाण्यासारखी लागते. मला तारोच सगळ्यांत आवडला. चौथा ब्राउन शुगरचा, चहा नसलेला, जरा मोठ्या मुलांसाठी. चाखायचेही याच क्रमाने, हलक्यापासून जडाकडे, आणि मधे साध्या पाण्याचा घोट. आधी ब्राउन शुगर प्यायलात तर जास्मिनचा वास येणारच नाही.

ग्लासात बोब्याऐवजी पुडिंग घ्यायचे तर शाकाहारी माणसाने जिलेटीन आणि अंड्याची चौकशी करावी.

ग्लासाच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. आधी ग्लास उलटा-सुलटा करून चार वेळा हलवा. मग तो टेबलावर ठेवून वरच्या काठाला धरा. पोटाला दाबून धरला तर चहा अंगावर उडतो. स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर अंगठा ठेवायचा आणि टोकदार बाजू सरळ, एका झटक्यात खुपसायची. पहिले दोन घोट स्ट्रॉ वर उचलून नुसत्या चहाचे घ्या. मगच ती तळाला टेकवा. ओढा हळू, कारण जोरात ओढली तर गोळी थेट घशात जाते. लहान मुलांना म्हणूनच बोबा देऊ नये. त्यांना नुसते दूध पुरे. मोठ्यांनीही प्रत्येक गोळी चावावी. न चावता गिळलेला बोबा पोटाला जड पडतो, हे मी स्वतः भोगले आहे.

वेळ दुपारची बरी, तीन-चारची. रात्री नको, त्यात चहा असतो आणि झोप उडते. उरलेला ग्लास घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवायचा विचारही करू नका; सकाळी गोळ्या खडे झालेल्या असतात. फोंड्याची एक बस सुटली तरी चालेल, दुसरी मिळते. बोबा तिथेच बसून संपवा.