अकॉन्ड्रोप्लेजियाचं बाळ: मान आणि पाठ कशी जपायची

अकॉन्ड्रोप्लेजिया म्हणजे हाडांची वाढ खुंटून उंची कमी राहण्याचा जन्मजात विकार. निदान कळलं की घरात पहिली चर्चा उंचीची होते. उंचीचं नंतर बघू. पहिल्या दोन वर्षांत जपायची ती मान आणि पाठ.

एफजीएफआर३ नावाचं जनुक हाडांच्या टोकांकडच्या कूर्चेची वाढ आवरतं. त्यात बदल झाला की हा लगाम सतत ओढलेला राहतो. म्हणून कॅल्शियमच्या बाटल्यांनी उंची वाढत नाही. अशा दहा बाळांपैकी साधारण आठांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात, आणि नवा बदल जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्रपेशीत घडलेला असतो. तरी ग्रहणात भाजी चिरली म्हणून ऐकून घ्यावं लागतं सुनेलाच!

या बाळांचं डोकं मोठं आणि मान लुळी असते. कवटीच्या तळाशी मज्जारज्जू ज्या भोकातून उतरतो तेही अरुंद. डोक्याला हिसका बसला की नेमका तिथे दाब येतो. म्हणून उचलताना एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. न्हाऊ घालणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी सांगा: पाय धरून उलटं टांगायचं नाही, वर उडवायचं नाही, हातपाय ओढून ताणायचे नाहीत. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही. पायांवर पालथं घातलं की डोकं लोंबतं. त्यापेक्षा टबात उताणं धरा, मानेखाली आपला हात. स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून नेणंही नको, एक गतिरोधक पुरतो. मोटारीत मागे तोंड असलेली बाळाची सीट लावा.

झोळी मात्र बंदच. साडीच्या झोळीत पाठ धनुष्यासारखी वाकते, मणके पुढून दबून पाचरीसारखे होतात आणि पोक कायमचं राहू शकतं. छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी आणि बाउन्सरही याच कारणाने नकोत. सपाट, घट्ट गादीचा पाळणा चालेल. उष्टावणाला मामाच्या मांडीवर बाळ ४५ अंशांपेक्षा सरळ बसवू नका. रेललेलं असू दे, आणि मामाचा पंजा पाठीला घट्ट टेकलेला. लोड लावून बसवणं नको. ही मुलं उशिराच बसतात, चालायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. तोवर जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, रोज थोडा वेळ पालथं ठेवा. पाठीचे स्नायू त्यानेच बळावतात.

अंगणवाडीच्या तक्त्यावर बाळ ‘खुजं’ दिसणारच. त्यावर उपाय म्हणून नाचणीच्या सत्त्वाच्या वाट्या वाढवू नका. जादा वजनाचा भार पाठीवर पडतो. बालरोगतज्ज्ञांकडून अकॉन्ड्रोप्लेजियाचाच तक्ता मागून घ्या. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजा: टेप पुढे भुवयांच्या वरून, मागे सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहा. घेर तक्त्यावरची आपली रेघ सोडून वर चढू लागला, टाळू फुगलेली वाटली, दूध ओढायचा जोर कमी झाला किंवा पावलं थरथरू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

झोपेत श्वास मध्येच थांबणं, मान मागे टाकून झोपणं, घामाने निथळणं यांसाठी झोपेची तपासणी आणि मानेचा एमआरआय लागू शकतो. ओठ निळे पडले तर १०८ला फोन करा. एरवी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जाताना झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर न्या, छाती उघडी आणि आवाज चालू ठेवून. ओपीडीत बाळ जागं असतं.